व्हेंटिलेटर एक, रुग्ण तीन : साथीच्या काळात छोट्या रुग्णालयाने वाटप कसं करावं

एप्रिल २०२१मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मी तालुक्याच्या गावातल्या एका साठ खाटांच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ होतो. व्हेंटिलेटर चार. कोणत्या रुग्णाला काय मिळणार हे आमच्याकडे तीन गोष्टींवर ठरायचं : दारात आधी कोण आलं, कुणाचे नातेवाईक जास्त आवाज करतात आणि त्या वेळी ड्यूटीवर कोण आहे. कुणाच्या मनात खोट नव्हती, पण पद्धतही नव्हती. पुढे दोन-तीन ठिकाणी वाटपाची लेखी पद्धत बसवायला मदत केली आणि सगळीकडे त्याच चुका दिसल्या. निकषांवर तासभर वाद चालतो, पण सिलिंडर किती उरलेत हे खोलीतल्या एकालाही माहीत नसतं. कागदावर सात जणांची समिती असते, आणि रात्री अडीचला फोन उचलणारा एकही नसतो.

खालचे टप्पे २५ ते १०० खाटांच्या रुग्णालयासाठी आहेत. ट्रस्टचं असो, खासगी असो की उपजिल्हा रुग्णालय. क्रम बदलू नका. बहुतेक जण थेट चौथ्या टप्प्यावर उडी मारतात, आणि सगळं तिथेच फसतं.

टप्पा १ : आधी मोजा

एक वही घ्या. प्रत्येक वस्तूपुढे चार रकाने आखा : आहेत किती, चालू किती, आत्ता मोकळे किती, आणखी मिळायला किती तास. वस्तू म्हणजे व्हेंटिलेटर, हाय फ्लो मशीन (नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं), बायपॅप (घट्ट मास्कमधून दाबाने श्वास देणारं), जंबो सिलिंडर, आयसीयूची खाट, आणि रात्रपाळीची आयसीयू सिस्टर. ही शेवटची ओळ सगळे विसरतात. मशीन चालवणारं माणूस नसेल तर व्हेंटिलेटर म्हणजे दिवे लागणारं कपाट. ‘आहेत चार’ असं म्हणणाऱ्या आमच्या रुग्णालयात एकाचा ऑक्सिजन सेन्सर गेलेला होता आणि रात्री दोनच व्हेंटिलेटर सांभाळता येतील इतक्याच सिस्टर होत्या. म्हणजे खरी संख्या दोन.

ऑक्सिजनचं गणित स्वतंत्र करा, कारण ते दर तासाला बदलतं. जंबो, म्हणजे डी टाइप सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर वायू असतो. समजा वॉर्डात सोळा रुग्ण आहेत. आठ जण नेझल प्राँग्जवर (नाकातल्या नळीवर) ४ लिटरने, सहा जण मास्कवर १० लिटरने, दोन जण हाय फ्लोवर पूर्ण ऑक्सिजनने, प्रत्येकी ५० लिटरने. मिनिटाला ३२ अधिक ६० अधिक १००, एकूण १९२ लिटर. तासाला ११,५२० लिटर, म्हणजे दीड जंबोपेक्षा जास्त. चोवीस तासांना चाळीस जंबो.

यातला हाय फ्लोचा आकडा पुन्हा बघा. सोळांपैकी दोन रुग्ण निम्म्याहून अधिक ऑक्सिजन वापरतायत. याचा अर्थ त्यांचं मशीन काढा असा अजिबात नाही. पण तिसऱ्या रुग्णाला हाय फ्लो लावण्याचा निर्णय हा एका खाटेपुरता राहत नाही, तो उरलेल्या चौदा जणांच्या रात्रीचा निर्णय असतो. हे कागदावर मांडल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

आता तांबडी रेघ काढा. रिफिलिंगला गाडी जाऊन, रांगेत थांबून परत यायला दहा तास लागत असतील, तर दहा तासांचा खप साडेसोळा जंबो. गळती आणि पंक्चर टायर धरून वीस. भरलेले वीस जंबो उरले की तांबडी रेघ लागली. त्या क्षणी फोन सुरू व्हायला हवेत. पाच उरल्यावर सुरू केलेल्या फोनचा उपयोग नसतो.

*सावध :* गेजचा काटा निम्म्यावर आला की सिलिंडर निम्माच राहिला. तो ‘भरलेल्या’त मोजू नका. आणि मोजणी रात्रीही करा. मे २०२१मध्ये गोवा मेडिकल कॉलेजातल्या मृत्यूंचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे आलं, तेव्हा चर्चा मध्यरात्रीनंतर दोन ते सहा या वेळेभोवतीच फिरत होती. दिवसा सगळे हजर असतात, हाका मारल्या की माणूस येतो. रात्री दोनला मॅनिफोल्ड रूममध्ये, म्हणजे सिलिंडर जोडतात त्या खोलीत, एकटा ब्रदर (पुरुष परिचारक) असतो.

*तपासा :* वॉर्डातल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, ‘आत्ता किती तासांचा ऑक्सिजन आहे?’ तिला वही बघून एका मिनिटात सांगता आलं तर पुढच्या टप्प्याकडे वळा.

टप्पा २ : वाटपाची वेळ येऊच नये म्हणून आधी काय करायचं

एखाद्याला नाही म्हणण्याआधी आपण वाया काय घालवतोय ते बघणं हे नैतिक कर्तव्यच आहे. मास्क बाजूला काढून रुग्ण जेवतोय आणि फ्लोमीटर दहावर सुरूच आहे, हे दृश्य प्रत्येक वॉर्डात दिवसातून दोनदा दिसतं. नंदुरबार जिल्ह्याने यासाठीच ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या. रुग्णाला खरंच किती लागतोय ते बघून नळ कमी-जास्त करणं, एवढंच त्यांचं काम. साठ खाटांना प्रत्येक पाळीत एक अशी सिस्टर पुरते. फक्त तिच्यावर दुसरं काम टाकू नका.

ऑक्सिजनची पातळी ९२ ते ९६ टक्के पुरेशी आहे, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) असेल तर ८८ ते ९२. ‘९९ दिसला की घरच्यांना बरं वाटतं’ म्हणून दोन लिटर वाढवून ठेवणं म्हणजे शेजारच्या खाटेचा घास काढणं. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला पालथं झोपवा. यात पैसा लागत नाही, माणूस लागतो.

दुसरं काम रुग्ण हलवण्याचं, आणि ते तांबडी रेघ लागल्याबरोबर करायचं. १७ एप्रिल २०२१ला मुंबईत महापालिकेने ऑक्सिजन कमी पडू लागलेल्या सहा रुग्णालयांमधून १६८ रुग्ण एका रात्रीत दुसरीकडे नेले. तालुक्याला तेवढी यंत्रणा नसते हे मान्य. पण चार रुग्णवाहिका, त्यांच्या चालकांचे नंबर आणि ‘आमचे दोन घ्या, तुमचे दोन उद्या घेऊ’ असं बोलून ठेवलेली शेजारची तीन रुग्णालयं एवढं कुणालाही जमतं.

तिसरं म्हणजे खोटा तुटवडा ओळखणं. यावर जरा थांबतो, कारण २०२१मध्ये आपण सगळे इथे घसरलो. रेमडेसिव्हिरसाठी लोकांनी रात्र-रात्र रांगा लावल्या, मंगळसूत्रं गहाण टाकली. नोव्हेंबर २०२०मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी त्याच्या विरोधात शिफारस केली होती, कारण त्याने मृत्यू कमी होतात असं दिसलं नव्हतं. आपल्याकडच्या एप्रिल २०२१च्या मार्गदर्शक सूचनांतही ते ऑक्सिजन लागणाऱ्या, लक्षणं सुरू होऊन दहा दिवसांच्या आतल्या निवडक रुग्णांपुरतंच होतं. तरीही चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. मीही लिहिल्या. नातेवाईक समोर उभा असताना ‘याची गरज नाही’ म्हणण्यापेक्षा चिठ्ठी लिहिणं सोपं होतं. त्याच वेळी जून २०२०पासून ज्याचा उपयोग सिद्ध झालेला होता ते डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कपाटात काही रुपयांना पडून होतं. ऑक्सिजनवरच्या आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने खरोखर कमी होतात. म्हणून वाटपाच्या यादीत एखादी वस्तू घालण्याआधी विचारा : ही न मिळाल्याने रुग्णाचं नेमकं काय बिघडणार आहे? उत्तर देता येत नसेल तर ती वस्तू यादीतून काढा आणि औषधाची चिठ्ठी लिहिणंही थांबवा.

टप्पा ३ : ठरवणारी माणसं ठरवा

उपचार करणारा डॉक्टर स्वतःच्या रुग्णासाठी भांडणार. त्याने भांडलंच पाहिजे. म्हणूनच वाटप त्याच्या हातात देऊ नका.

तीन माणसं पुरतात : आयसीयूचा अनुभव असलेला एक डॉक्टर, एक ज्येष्ठ इन्चार्ज सिस्टर आणि रुग्णालयाबाहेरची एक व्यक्ती. बाहेरची म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका चालेल, वकील चालेल. नगरसेवक, ट्रस्टी आणि देणगीदार नकोत. तिघांनाही त्या पाळीत रुग्ण सांभाळायची जबाबदारी नको. तुमच्याकडे एवढे डॉक्टरच नसतील तर तालुक्यातल्या तीन-चार रुग्णालयांनी मिळून एक समिती करा. आमचे डॉक्टर तुमच्या रुग्णांचं ठरवतील, तुमचे आमच्या. यात आणखी एक फायदा असा की गावातली ओळखपाळख आपोआप गळते.

सात जणांची समिती करू नका. कोरम भरेपर्यंत रुग्ण जातो.

बाराबारा तासांच्या पाळ्या लावा आणि प्रत्येक पाळीला एक बदली माणूस ठेवा. नाव आणि मोबाइल नंबर आयसीयूच्या भिंतीवर लावा. तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांना समितीची नावं आणि लेखी पद्धत पत्राने कळवून पोच घ्या. पुढे प्रश्न विचारले गेले तर ‘आयत्या वेळी मनाला आलं तसं केलं’ आणि ‘आधी ठरवून, कळवून केलं’ यात फार अंतर पडतं.

*सावध :* वरून फोन येणारच. त्यासाठी एक ओळ आजच ठरवा आणि सगळ्यांकडून पाठ करून घ्या : ‘साहेब, नोंद घेतो, समितीला कळवतो.’ फोन कुणाचा, किती वाजता, हे खरोखर वहीत लिहा. दोन-चार दिवसांत फोन कमी होतात, हा माझा अनुभव.

टप्पा ४ : निकष लिहा

हे काम शांततेच्या दिवसांत करायचं. १८ एप्रिल २०२१ला राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. त्या आठवड्यात निकष लिहायला बसलेल्या माणसाला समोरच्या रुग्णाचा चेहराच दिसत राहतो.

*आधी काय बघायचं नाही ते लिहा.* नाव, आडनाव, गाव, जात, धर्म, पैसे, योजनेचं कार्ड, पद, ओळख. डिपॉझिट भरलं का हा प्रश्न समितीच्या कागदावर येता कामा नये. सोपा उपाय असा : समितीकडे जाणाऱ्या कागदावर फक्त क्रमांक आणि वैद्यकीय माहिती ठेवा. आडनाव दिसलं की आपल्या डोक्यात काय-काय सुरू होतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

*‘आधी आला त्याला आधी’ हाही निकष नको.* दिसायला तो सगळ्यात न्याय्य वाटतो. पण आधी कोण पोचतं? ज्याच्या दारात गाडी आहे, ज्याचा पुतण्या मेडिकलमध्ये आहे, ज्याला व्हॉट्सअॅपवर मोकळी खाट कळते. पाड्यावरून झोळीत घालून आणलेली बाई सहा तास उशिरा येते, आणि तिचा आजार मात्र त्याच दिवशी सुरू झालेला असतो.

*मग तीन गट पाडा.* पहिल्या गटात ते, ज्यांना ही वस्तू आत्ता मिळाली नाही तर जीव जाण्याची दाट शक्यता आहे आणि मिळाली तर वाचण्याची चांगली शक्यता आहे. दुसऱ्या गटात ते, जे साध्या उपायांवर आणखी काही तास काढू शकतात. तिसऱ्या गटात ते, ज्यांची ही वस्तू मिळूनही येत्या काही दिवसांत वाचण्याची शक्यता फार कमी आहे. वस्तू पहिल्या गटाला. दुसऱ्या गटाला दर दोन तासांनी पुन्हा बघायचं. तिसऱ्या गटाला वेदनाशमन, ऑक्सिजन शक्य तितका, आणि जवळ माणूस. ‘काही नाही’ असा गट नाही.

गट पाडायला अनेक ठिकाणी सोफा गुणांकन वापरतात. फुप्फुस, रक्त गोठणं, यकृत, रक्तदाब, मेंदू, मूत्रपिंड या सहांना प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण २४. जितके जास्त तितकी अवस्था वाईट. आधार म्हणून ते ठीक आहे, पण एका गुणाच्या फरकावर कुणाचं आयुष्य तोलू नका. ज्याचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वर्षानुवर्षं वाढलेलं आहे त्याला आजच्या आजारापेक्षा जास्त गुण पडतात. एबीजी मशीन (रक्तातले वायू मोजणारं) नसेल तर फुप्फुसाचे गुण अंदाजानेच येतात. म्हणून ढोबळ गटच बरे.

*वयाचं काय?* इथे वाद होणार, होऊ द्या. माझं मत असं की वय हा थेट निकष नसावा. साठीच्या वरच्यांना व्हेंटिलेटर नाही अशी ओळ लिहिली की कणखर सत्तरीचा माणूस नुसत्या आकड्याने बाद होतो. वयाचा परिणाम वाचण्याच्या शक्यतेत आपोआप येतोच. गट समान असेल तर तरुणाला प्राधान्य द्यावं असं मानणारे पुष्कळ आहेत. १ जून २०२१ला म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) अॅम्फोटेरिसिन-बी इंजेक्शनांच्या तुटवड्यावर सुनावणी करताना दिल्ली उच्च न्यायालयानेही केंद्राला धोरण ठरवायला सांगून तरुणांना प्राधान्य देण्याकडे कल दाखवला. तुम्ही हे स्वीकारत असाल तर फक्त बरोबरीच्या वेळी वापरायचं, असं स्पष्ट लिहा.

अपंगत्वाबाबत ब्रिटनची चूक समोर ठेवा. मार्च २०२०मध्ये तिथल्या नाइस या संस्थेने अतिदक्षता उपचारांसाठी ‘जर्जरपणा’ मोजायची पट्टी सुचवली. व्हीलचेअरवरचा पंचविशीतला तरुणही त्या पट्टीवर जर्जर ठरू लागला, आरडाओरड झाली, आणि काही दिवसांतच सूचना बदलून ही पट्टी तरुणांना आणि स्थिर अपंगत्व असलेल्यांना लावू नका असं सांगावं लागलं. रोजच्या कामात मदत लागते याचा न्यूमोनियातून वाचण्याशी संबंध असेलच असं नाही.

*आरोग्य कर्मचाऱ्यांना प्राधान्य?* लशीसाठी ते योग्यच होतं. १६ जानेवारी २०२१ला लसीकरण त्यांच्यापासूनच सुरू झालं, कारण धोका त्यांना जास्त होता. व्हेंटिलेटरसाठी मी ते फक्त बरोबरीच्या वेळी मानतो. आणि मानायचं तर सफाई कामगार, रुग्णवाहिकेचा चालक, आशाताई या सगळ्यांना मानायचं. नुसत्या डॉक्टरांना मानलं तर त्याला वशिला म्हणतात.

*शेवटी बरोबरी उरलीच तर चिठ्ठी.* लोकांना हे क्रूर वाटतं. मलाही वाटायचं. पण सगळे वैद्यकीय फरक संपल्यावर ‘मला वाटतं’ हेच उरतं, आणि त्यात आपली माणसं बरोबर वर येतात. चिठ्ठी समितीतल्या बाहेरच्या व्यक्तीने काढायची, दोन साक्षीदारांसमोर, वेळ लिहून.

*तपासा :* निकषांचा कागद दीड पानापेक्षा मोठा झाला असेल तर कापा. पहाटे तीन वाजता डोळे चोळत वाचायचा आहे.

टप्पा ५ : कोरडा सराव

मागच्या वर्षातले सहा जुने केसपेपर काढा, नावं झाका आणि समितीच्या दोन पाळ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ठरवायला सांगा. दोन्ही खोल्यांतून वेगळी उत्तरं आली तर दोष कागदात आहे.

या सरावात साथीचे नसलेले रुग्ण मुद्दाम घाला. एक उदाहरण आम्ही नेहमी वापरतो. व्हेंटिलेटर एक. क्रमांक ४ : वय ५८, कोविड, मास्कवर १५ लिटरला ८४ टक्के, बाकी अवयव ठीक. क्रमांक ७ : वय ४१, कोविड, मूत्रपिंड बंद, रक्तदाब दोन औषधांवरही पडतोय, बेशुद्ध. क्रमांक ९ : वय १९, शेतात जमिनीवर झोपलेला, पहाटे मण्यार चावली, पापण्या उघडत नाहीत, श्वास उथळ.

पहिल्या सरावात दोन्ही खोल्यांनी चार विरुद्ध सात असा वाद घातला. नऊ क्रमांक ‘कोविडच्या यादीत नाही’ म्हणून कुणी हातातच घेतला नव्हता. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, फुप्फुस चांगलं असतं. प्रतिविष आणि काही दिवसांचा व्हेंटिलेटर मिळाला तर असा रुग्ण बहुतेक वेळा चालत घरी जातो. न मिळाला तर तासाभरात जाईल. पहिला हक्क नऊचा. चारला हाय फ्लो किंवा बायपॅप लावून पालथं झोपवायचं आणि लगेच दुसरीकडे व्हेंटिलेटर शोधायचा. सात तिसऱ्या गटात. बाळंतीण, विषबाधा, अपघात, सगळे एकाच यादीत. साथ आहे म्हणून बाकीचे आजार सुट्टीवर जात नाहीत.

टप्पा ६ : प्रत्यक्ष निर्णय

तुटवडा जाहीर करण्याचा अधिकार एकाच पदाला द्या, बहुधा वैद्यकीय अधीक्षकांना. जाहीर केल्याची वेळ लिहा. त्याआधी ही पद्धत लावायची नाही. निम्मे व्हेंटिलेटर मोकळे असताना ‘पुढे लागेल’ म्हणून रुग्ण परत पाठवणारीही रुग्णालयं मी पाहिली आहेत.

मग क्रम असा :

१. उपचार करणारा डॉक्टर एका पानाचा कागद भरतो. क्रमांक, वय, आजार, सध्या कशावर, सहा अवयवांची स्थिती, जुने आजार, आतापर्यंत काय करून पाहिलं.

२. पाळीतला समन्वयक तो कागद समितीला देतो. फोनवर वाचून दाखवला तरी चालतो, पण व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. ग्रुपवरचं गावभर होतं.

३. समिती आधी ‘आणखी काही साधा उपाय उरलाय का’ हे विचारते. पालथं झोपवलं? मास्क गळतोय? दुसरीकडे हलवता येईल?

४. तिघं आपापला गट वेगवेगळ्या कागदावर लिहितात, मग उघडतात. आधी डॉक्टर बोलला की सिस्टर गप्प बसते. हे टाळायलाच ही पायरी आहे.

५. दोन-एक झालं तर दोनचा निर्णय धरा, एकाचं कारण नोंदवा.

६. पंधरा मिनिटांत उत्तर. जास्त वेळ लागत असेल तर मोकळी वस्तू पहिल्या गटातल्या सगळ्यात खालावलेल्या रुग्णाला लावा आणि चर्चा पुढे चालू ठेवा.

*सावध :* निर्णय वस्तूचा असतो, उपचारांचा नाही. ज्याला व्हेंटिलेटर मिळाला नाही त्याचे सलाइन, अँटिबायोटिक, तोंड पुसणं, कूस बदलणं सगळं तसंच सुरू राहतं. प्रत्यक्षात काय होतं? त्या खाटेजवळ जायला कुणालाच धीर होत नाही आणि नकळत फेऱ्या कमी होतात. इन्चार्ज सिस्टरने त्या खाटांवर दर पाळीला मुद्दाम खूण करावी.

टप्पा ७ : घरच्यांना सांगणं

निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरने एकट्याने सांगायचा नाही. समितीतला डॉक्टर बरोबर हवा. कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या नको. खुर्ची द्या, पाणी द्या. काचेआडून हातवारे करून तर नकोच नको.

अशा वेळी मुलगा बहुतेकदा पहिलं वाक्य हेच बोलतो : ‘डॉक्टर, पैशाचा विषय असेल तर सांगा, जमीन काढतो.’

उत्तर सरळ द्या. ‘दादा, पैशाचा विषय नाही. आत्ता मशीन एकच मोकळं आहे आणि त्याची गरज असलेले तिघं आहेत. आमच्या समितीने तिघांचे कागद नाव न बघता पाहिले. तुमच्या वडिलांची किडनी आणि रक्तदाब दोन्ही साथ देत नाहीत. मशीन लावूनही ते वाचतील असं आम्हाला वाटत नाही. ऑक्सिजन चालू आहे. त्यांना धाप लागू नये म्हणून औषध देतोय. दुसरीकडे मशीन मिळतं का तेही बघतोय. तुम्ही किट घालून दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसा.’

‘सगळं देवाच्या हातात आहे’ म्हणून सुटका करून घेऊ नका. हे तुमच्या समितीच्या हातात होतं आणि समोरच्याला ते कळतं. ‘बघतो, करतो’ही नको. खोट्या आशेवर माणसं रात्रभर वणवण फिरतात आणि शेवटची भेट हुकते. आमच्याकडे एका मुलीला मी ‘संध्याकाळपर्यंत काहीतरी होईल’ म्हणालो. ती गाडी घेऊन तीन गावं फिरली. परतली तेव्हा खाट रिकामी होती.

दाद मागायची सोय सांगा. दाद कशावर? माहिती चुकीची होती किंवा ठरलेली पद्धत पाळली नाही, यावर. निकष आवडले नाहीत, यावर नाही. ती त्या पाळीत नसलेल्या सदस्याने तासाभरात बघायची.

टप्पा ८ : लावलेलं मशीन आणि फेरतपासणी

इथे परदेशी कागद जसाच्या तसा उचलणं महागात पडतं. न्यूयॉर्क राज्याच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत व्हेंटिलेटर लावल्यावर ४८ आणि १२० तासांनी फेरतपासणी करून सुधारणा नसेल तर तो दुसऱ्याला देण्याची तरतूद आहे. त्या सूचना फ्लूची साथ समोर ठेवून लिहिलेल्या होत्या. कोविडचे रुग्ण व्हेंटिलेटरवर दोन-दोन आठवडे राहून सुधारलेले आपण पाहिले आहेत.

आणि आपल्याकडे जीवरक्षक उपचार काढून घ्यायची प्रक्रिया सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या निकालात घालून दिली आणि २४ जानेवारी २०२३ला सोपी केली. त्यात तीन डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ लागतं, तीन डॉक्टरांचं दुय्यम मंडळ लागतं आणि घरच्यांची संमती लागते. ती सगळी त्या रुग्णाच्या हितासाठी आहे. ‘दुसऱ्याला गरज आहे’ हे कारण त्यात कुठेच बसत नाही. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे : चालू व्हेंटिलेटर एकाचा काढून दुसऱ्याला देण्याची ओळ तुमच्या पद्धतीत लिहू नका. लावण्याआधीचा निर्णय नीट घ्या.

मग फेरतपासणी कशाला? सुधारलेल्यांसाठी. आयसीयूत चार दिवसांपूर्वी आलेला, आता ३ लिटरवर बसून चहा पिणारा रुग्ण ‘राहू दे आणखी एक रात्र’ म्हणून तिथेच असतो. त्याला वॉर्डात हलवलं की एक खाट मोकळी होते, कुणाचंही काही न काढता. सकाळी आठ आणि रात्री आठ, दोन फेऱ्या फक्त यासाठी ठेवा. दुसऱ्या गटात थांबलेल्यांना दर दोन तासांनी बघत असलात तरी त्यांचे कागद याच फेरीत पुन्हा उघडा. कालचा दुसऱ्या गटातला आज पहिल्यात गेलेला असतो आणि कागद कालचाच असतो, ही फार नेहमीची चूक.

टप्पा ९ : नोंद आणि आवराआवर

प्रत्येक निर्णयाला एक पान : वेळ, क्रमांक, गट, कारण दोन ओळींत, तिघांच्या सह्या, घरच्यांना कोणी आणि किती वाजता सांगितलं. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला सही. पांढरी शाई नको. पानांना आधीच क्रमांक घाला.

तांबड्या रेघेच्या वर साठा सलग तीन दिवस राहिला की अधीक्षकांनी तुटवडा संपल्याचं त्याच वहीत लिहायचं. हे लिहायचं राहून जातं आणि टंचाईची सवय लागते. ऑक्सिजन भरपूर असतानाही रुग्ण दुसऱ्या गटात थांबवलेले मी स्वतः पाहिले आहेत.

त्यानंतर आठवड्याभरात समितीच्या सगळ्या पाळ्यांनी एकदा एकत्र बसायचं. वहीतली पानं एकेक करून वाचायची, कुठे दोन-एक झालं, कुठे पंधरा मिनिटांचा तास झाला, कुठल्या गावचे रुग्ण आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत. चहा असावा, घाई नसावी. इन्चार्ज सिस्टरना आधी बोलू द्यावं.